आयटीतल्या ताईला हमखास विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, भाच्याचे कॉलेजातले मित्र आणि ऑफिसात नव्याने लागलेली मुलं हे प्रश्न मला सतत पाठवत असतात. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळे एका जागी आणले. मी पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे आणि बँका, विमा अशा ठिकाणच्या जुन्या सिस्टिम सांभाळते, त्यामुळे माझी मतं जुन्या कोडच्या बाजूने जरा झुकलेली आहेत. सुरुवातीचे प्रश्न कुणालाही कळतील. शेवटचे किचकट आहेत. ते वाचायचे नसतील तर माझा आग्रह नाही.

१. तू दिवसभर नक्की करतेस काय?

वाचते. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचते. नव्या ओळी लिहिणं हा दिवसातला लहानसा भाग. बाकी वेळ आधी लिहिलेलं काय करतंय, का करतंय आणि ते लिहिणारा गृहस्थ आता कुठल्या कंपनीत आहे हे शोधण्यात जातो. समजा, एका ग्राहकाला विम्याचा हप्ता तीन रुपये जास्त लागतोय. तो कुठे लागतोय हे सापडायला दोन दिवस, दुरुस्तीची एक ओळ, आणि त्या ओळीने बाकीच्या लाखभर लोकांचे हप्ते बिघडले नाहीत ना हे बघायला आणखी दोन दिवस. आईचं म्हणणं असं की मी स्क्रीनकडे बघत नुसती बसलेली असते. निरीक्षण अचूक आहे.

२. कॉम्प्युटरमधलीच आहेस ना, मग जरा प्रिंटर बघून दे की.

प्रिंटर मलाही कळत नाही. मी तुमच्यासारखीच त्याचं झाकण उघडते, कागद काढते, परत घालते आणि त्याच्याकडे रागाने बघते.

एक अपवाद आहे आणि तिथे रात्री दोन वाजताही फोन करा. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलान किंवा बँकेचं केवायसी म्हणून व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाइल आली आणि तुम्ही ती उघडून ॲप टाकून बसलात, तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. मला त्यानंतर. ‘ताई ओरडेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, पैसे तेवढ्यात चार खात्यांतून फिरलेले असतात.

३. बंद करून चालू केलं की ठीक कसं होतं? तुम्ही लोक मुद्दाम असं ठेवता का?

मुद्दाम नाही, पण आमचा हात त्यात असतो. प्रोग्रॅम चालू असताना मेमरीत काहीबाही साठत जातं: अर्धवट राहिलेली कामं, न सोडलेली मेमरी, कुणीतरी वाढवत नेलेला एखादा आकडा. बंद केलं की सगळं पुसलं जातं आणि प्रोग्रॅम त्याच्या माहितीतल्या एकमेव चांगल्या अवस्थेतून, म्हणजे सुरुवातीपासून, पुन्हा निघतो.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा आकडा ३२ बिटांत, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या जागेत, ठेवलेला होता. सलग ४९.७ दिवसांनी तो भरायचा आणि मशीन लटकायचं. हा दोष फारशा कुणाला भोवला नसावा, कारण विंडोज ९५ सलग ४९ दिवस चालवून दाखवणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. २०१५ मध्ये मात्र अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर सांभाळणारी यंत्रणा एकदम बंद पडू शकते, तेव्हा त्याआधी बंद करून चालू करा. शंभराव्या सेकंदात मोजणारा ३२ बिटांचा (त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाचा) आकडा भरायला साधारण तेवढेच दिवस लागतात. तेव्हा तुमच्या राउटरला दिला जाणारा सल्ला विमानालाही दिला गेलेला आहे, ओशाळू नका.

४. छोटासा बदल आहे, एक रकाना वाढवायचा आहे. संध्याकाळपर्यंत होईल ना?

हा प्रश्न मॅनेजरही विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला. निर्णय मला मनापासून आवडला. पण बातमी वाचता वाचता डोक्यात यादी सुरू झालीच. फॉर्मवर एक रकाना वाढला, ठीक. तो सक्तीचा करायचा का? जन्म कधीचा यावर ते ठरणार, म्हणजे नाव विचारण्याआधी जन्मतारीख विचारायला हवी. फॉर्मचा क्रमच बदलला. जुन्या नोंदींत हा रकाना रिकामा राहणार, तिथे छापताना मधे दोन जागा सुटल्यासारखं दिसू नये. दाखल्यावर नावाला जेवढी रुंदी आहे त्यात चार शब्द मावतात का? एकाच घरात थोरल्याचं नाव तीन शब्दांचं आणि धाकटीचं चार शब्दांचं; शाळेतला क्लार्क यातलं एक ‘दुरुस्त’ करायला जाणार. शोधताना लोक जुन्याच क्रमाने नाव टाकणार. आणि आपण ज्या दुसऱ्या सिस्टिमला ही माहिती पाठवतो ती तीनच शब्द घेत असेल तर चौथा कुठे घालायचा? ती सिस्टिम दुसऱ्या कुणाचीतरी असते आणि त्यांचा माणूस नेमका रजेवर असतो.

रकाना वाढवायला दहा मिनिटं लागतात, हे तुमचं बरोबर आहे.

५. मग तुमचे अंदाज नेहमी चुकतात कसे? अनुभव असून?

जे काम आधी केलेलं असतं त्याचा अंदाज बरोबर येतो, पण ते काम परत करावं लागत नाही. तोच कोड वापरता येतो. वाट्याला येतं ते न केलेलं काम. शिवाय आमच्याकडे अंदाज सांगितला की तो त्याच बैठकीत वचन होतो, आणि ‘साधारण तीन आठवडे’ यातलं ‘साधारण’ क्लायंटपर्यंत पोहोचत नाही.

उशीर झाला की माणसं वाढवतात. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो. हिशोब सोपा आहे: पाच जणांत आपापसात बोलायच्या जोड्या १० होतात, दहा जणांत ४५. नवीन आलेल्यांना समजावून सांगायचं काम, अर्थातच, ज्यांच्याकडे आधीच वेळ नाही त्यांच्याकडे येतं. हे वाक्य पाठ असलेले मॅनेजरही माणसं वाढवतात, कारण वरच्यांना ‘आम्ही काहीतरी करतोय’ हे दाखवायला दुसरं काही हाताशी नसतं.

६. ते ॲजाइल, स्क्रम, स्टँडअप काय प्रकरण आहे?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी ‘ॲजाइल’ नावाचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. मथितार्थ असा की कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, प्रक्रियेपेक्षा माणसं महत्त्वाची, आणि बदल आला तर तो घ्या. चार ओळींचा मामला होता. आता त्याची सर्टिफिकेटं मिळतात, कोच मिळतात, आणि प्रक्रियेपेक्षा माणसं महत्त्वाची आहेत हे सांगणारी ऐंशी स्लाइडची प्रक्रिया मिळते.

स्क्रम ही त्या विचाराने काम करायची एक पद्धत, आणि तिच्यातली स्टँडअप म्हणजे पंधरा मिनिटं उभ्याने बोलायची बैठक. उभ्याने अशासाठी की पाय दुखायला लागले की लोक आवरतं घेतात. आता ती घरून व्हिडिओवर होते आणि पाऊण तास चालते. मला ती पद्धत वाईट वाटत नाही. काल काय अडलं हे एकमेकांना सांगणं उपयोगीच आहे, फक्त ते मॅनेजरला हजेरी दिल्यासारखं नको.

७. मी सेकंड इयरला आहे. कोणती लँग्वेज शिकू?

जी तुझ्या कॉलेजात येणाऱ्या कंपन्या मागतात ती. नंतर ती बदलणारच आहे. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत बनवली आणि आज ती तुझ्या प्रत्येक ब्राउझरमध्ये चालते. कोबोल १९५९ चा आहे, त्याला दर काही वर्षांनी श्रद्धांजली वाहिली जाते, आणि एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या काळात न्यू जर्सीचे गव्हर्नर बेरोजगार भत्त्याच्या सिस्टिमसाठी कोबोल येणारी माणसं जाहीरपणे शोधत होते. कोण टिकेल याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) नीट शिक, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) नीट शिक, आणि दुसऱ्याने लिहिलेला मोठा प्रोग्रॅम वाचायची सवय लाव. कॉलेजात कोऱ्या फाइलपासून सुरुवात करायला शिकवतात. नोकरीत कोरी फाइल कुणी देत नाही.

८. पॅकेज किती?

हा प्रश्न मावशी विचारते तेव्हा त्यामागे कुणाच्यातरी मुलाचं स्थळ असतं. सीटीसीच्या, म्हणजे माणूस कंपनीला वर्षाला केवढ्याला पडतो त्या, आकड्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा असतो, विम्याचा हप्ता असतो, पाच वर्षं टिकल्याशिवाय सहसा हाती न येणारी ग्रॅच्युइटी असते आणि ‘कामगिरीनुसार’ मिळणारा भाग असतो, जो कंपनीच्या कामगिरीनुसार मिळतो. मुलाकडचे आकडा सांगतील तेव्हा ‘इन हँड किती?’ असं विचारा. आणि नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे का, तेही विचारून ठेवा.

९. हिंजवडीत ऑफिस आहे तर तिकडेच घर का घेत नाहीस?

कारण घर घेतलं की प्रोजेक्ट पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला जातो.

१०. एआय आल्यामुळे तुमच्या नोकऱ्या जाणार म्हणे?

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं तेव्हापासून दर दिवाळीला काका हे विचारतात आणि दर दिवाळीला मी जरा वेगळं उत्तर देते, कारण चित्र खरंच बदलत चाललंय.

आज मी एआय रोज वापरते. कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहायला, अनोळखी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) समजून घ्यायला, कंटाळवाणे साचे भरायला त्याची चांगली मदत होते. पण प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं टाइप करणं हा माझ्या कामातला अडथळा कधीच नव्हता. तीन रुपये जास्त का लागतात याचं कारण एखाद्या जुन्या परिपत्रकात असतं आणि ते परिपत्रक कुणाच्यातरी कपाटात असतं. एआयने लिहिलेला कोड दिसायला इतका नीटनेटका असतो की त्यातली चूक डोळ्याला सहज लागत नाही. गबाळ्या कोडमध्ये निदान संशय तरी येतो. आणि लिहिणं स्वस्त झालं की ओळी वाढतात, त्या कुणीतरी वाचायच्या असतात.

मला काळजी वेगळीच वाटते. नव्या मुलांना आम्ही जी बारीकसारीक कामं द्यायचो, ती आता मशीनला दिली जातात. त्याच कामांतून माणूस तयार व्हायचा. दहा वर्षांनी हा सगळा पसारा वाचू शकणारे लोक कुठून आणणार, हे कंपन्यांना विचारलं तर ‘तेव्हाचं तेव्हा’ असंच काहीतरी उत्तर मिळतं. काका, तुमच्या नातवाने काय करावं याचं उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे.

११. तुम्ही लोक फुकटचं सॉफ्टवेअर उचलून वापरता, हे खरं का?

खरं आहे, आणि जग त्यावरच चाललंय. एखाद्या साध्या वेबसाइटच्या पोटात अनोळखी लोकांनी मोकळ्या वेळात लिहिलेली तयार कोडची शेकडो पॅकेजं असतात. मार्च २०१६ मध्ये एका डेव्हलपरने नावाच्या वादातून चिडून आपली सगळी पॅकेजं एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं एक होतं: शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणाऱ्या ११ ओळी. त्या गेल्याबरोबर जगभर मोठमोठ्या प्रकल्पांचे बिल्ड (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचं काम) पडायला लागले, शेवटी एनपीएमने ते पॅकेज स्वतः परत आणून ठेवलं.

त्यात हसण्यासारखं तरी होतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या लायब्ररीत असं भोक सापडलं की नुसता एक विशिष्ट मजकूर लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, गेला तरी बाहेरचा माणूस आपला कोड तुमच्या सर्व्हरवर चालवू शकत होता. सगळ्या कंपन्यांनी ती लायब्ररी वापरलेली; सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक.

आणि मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण तर रहस्यकथेसारखं आहे. फायली लहान करणाऱ्या या लायब्ररीत ‘जिया तान’ नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यातून लिनक्स सर्व्हरमध्ये शिरायचा चोरदरवाजा बसवला. पकडला कसा? आंद्रेस फ्रॉइंट या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (सर्व्हरमध्ये दुरून शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला आणि तो त्याच्या मागे लागला. अर्धा सेकंद! आमच्याकडे पेज उघडायला सात सेकंद लागतात आणि ‘नेटवर्क स्लो असेल’ म्हणून तक्रारीचं तिकीट बंद होतं.

१२. इतकं जुनं, कुणाला न कळणारं आहे तर फेकून नवीन का लिहीत नाही?

आमच्यातला प्रत्येक नवा माणूस पहिल्या महिन्यात हेच म्हणतो, आणि खरं तर माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांतला हाच मला सगळ्यात आवडता.

जुन्या कोडमध्ये विचित्र अटी असतात. ‘ग्राहक अमुक शाखेचा असेल आणि तारीख ३१ मार्च असेल तर व्याज पुन्हा मोजू नका.’ वाचून हसू येतं. जुन्या वाड्यात माजघराच्या मधोमध उभा असलेला खांब काढून जागा मोकळी करावी असं वाटतं, तसं ती अट काढावीशी वाटते. पण तिच्यामागे एक खरी रात्र असते: दोन शाखा एक झाल्या होत्या, व्याज दोनदा पडलं होतं, कुणीतरी पहाटेपर्यंत बसून ते निस्तरलं होतं. नवा कोड सुंदर दिसतो कारण त्याला अजून एकही ३१ मार्च भेटलेला नाही.

नेटस्केपची गोष्ट आयटीत पुन्हा पुन्हा सांगतात. १९९८ मध्ये त्यांनी आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. पाच क्रमांकाची आवृत्ती कधी आलीच नाही. २००० च्या नोव्हेंबरात थेट सहावी आली, तोवर इंटरनेट एक्सप्लोररने बाजार खाल्ला होता. त्यांच्या पडण्याची कारणं आणखीही होती, पण ती मधली वर्षं नव्या आवृत्तीविना काढणं कुणालाच परवडलं नसतं.

याचा अर्थ कशालाच हात लावू नये असा नाही. ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणत राहिलं की एक दिवस तो सर्व्हर दुरुस्त करणारा माणूस निवृत्त होतो आणि सुटा भाग मिळेनासा होतो. तुकड्यातुकड्याने बदला, प्रत्येक तुकड्यानंतर जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवून आकडे जुळवा. कंटाळवाणं आहे, अप्रेझलमध्ये लिहायला शोभत नाही, आणि बँकांत जे बदल यशस्वी झालेले मी पाहिले ते असेच झाले.

१३. शुक्रवारी रिलीज करत नाहीत, ही अंधश्रद्धा नाही का?

थोडीशी. रिलीज म्हणजे नवा कोड लोकांच्या वापरात सोडणं. शुक्रवारी काही बिघडलं तर ते शनिवारी कळतं आणि शनिवारी फोन न उचलणारे लोक जास्त असतात, एवढाच त्यामागचा तर्क. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर जाऊन बसली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तो शुक्रवारच होता. पण नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाल कंपनीने १ ऑगस्ट २०१२ ला पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर घालवले, तेव्हा बुधवार होता. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला आणि तिथला मेलेला जुना कोड जागा झाला. म्हणजे वार बघण्यापेक्षा ‘मागे कसं फिरायचं’ हे आधी लिहून ठेवलंय का ते बघा. तरी शुक्रवारी दुपारनंतर मी करत नाही.

१४. डेव्हलपर म्हणतो ‘माझ्या मशीनवर चालतंय’. खोटं बोलतो का? (टेस्टिंगमधल्या मैत्रिणींकडून)

नाही, बिचारा खरंच बोलतो. त्याच्या मशीनवर डेटा दहा ओळींचा, वापरणारा एकटा, आणि कधीकाळी टाकलेली एखादी सेटिंग जी तो विसरलाय. २०१३ मध्ये डॉकर आलं ते याच भांडणावर उपाय म्हणून लोकप्रिय झालं: तुझ्या मशीनवर चालतं ना, मग तुझं वातावरणच बांधून पाठव.

त्यानेही न सुटणारी एक जात आहे. दोन कामं एकाच वेळी एकाच खात्याला हात लावतात आणि कोण आधी पोहोचतं यावर निकाल ठरतो. असा बग शोधायला म्हणून लॉगची एक ओळ टाकली की त्या ओळीला लागणाऱ्या क्षणभरामुळे क्रम बदलतो आणि बग गायब होतो. ओळ काढली की परत हजर. अशा काही ओळी मी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिममध्ये, आजही राहत असलेल्या पाहिल्या आहेत, वर ‘काढू नये’ अशी पाटी लावलेल्या.

१५. २००० सालचा वायटूके म्हणजे नुसता बागुलबुवा होता ना? काहीच तर झालं नाही.

काही झालं नाही कारण आधी बरीच वर्षं लोक राबत होते. सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असल्यामुळे ०० हे ९९ च्या आधीचं ठरत होतं. त्या कोबोल दुरुस्तीच्या कामाने भारतीय आयटी कंपन्यांना अमेरिकेत दारं उघडून दिली. पुण्यातल्या कित्येक फ्लॅटचे हप्ते त्यातून फिटलेत.

पुढचं असंच संकट १९ जानेवारी २०३८ ला आहे. १९७० पासून सेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल आणि पुढच्या सेकंदाला अशा सिस्टिमना १९०१ साल दिसेल. बँकांना हे कधीच भेटून गेलंय: २०१८ मध्ये दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ताच २०३८ चा. मला धास्ती आहे ती भिंतीत बसवून विसरलेल्या छोट्या यंत्रांची. प्रश्न ३ मधला उपाय तिथे लागू पडणार नाही.

१६. माझं नाव मराठीत टाकलं की प्रश्नचिन्हं येतात, किंवा शोधलं तर सापडत नाही. का?

तीन वेगवेगळे आजार आहेत.

सगळी प्रश्नचिन्हं आली तर वाटेत कुठेतरी एका सिस्टिमने ‘अक्षरं म्हणजे इंग्रजीच’ असं धरून तुमचं नाव टाकून दिलं. ते परत मिळत नाही, पुन्हा भरा.

जुन्या फाइलमध्ये अगम्य इंग्रजी अक्षरं दिसली तर तो मजकूर युनिकोडच्या (जगातल्या लिपींतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधला आहे. क्रुतीदेवसारख्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवली जायची आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवायचा. ॲपमधून कन्व्हर्ट करा, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासा.

तिसरा सगळ्यात चिवट. दिसायला सारखं, आतून वेगळं. संगणकाच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो आणि दोन्ही डोळ्यांना एकच दिसतात, एका पद्धतीने साठवलं आणि दुसऱ्याने शोधलं की ‘नोंद आढळली नाही’. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवलेलं असतं. यादी शोधण्याआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणणं हाच इलाज आहे आणि तो डेव्हलपरने करायचा असतो, तुम्ही नाही. पुण्यातच सीडॅकसारखी सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ पासून असताना, भारतीय लिपींच्या सांकेतीकरणावर तिथे एवढं काम झालेलं असताना, इथल्याच ॲपमध्ये हे व्हावं याचा मला मनापासून राग येतो.

जाता जाता: मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० चिन्हांतच का संपतो, हेही याच कुळातलं. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला जास्त जागा लागते.

१७. तुझी संध्याकाळची मीटिंग नोव्हेंबरात अचानक तासाने पुढे का जाते?

आपण घड्याळ हलवत नाही, अमेरिका हलवते. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. युरोप वेगळ्या रविवारी हलवतो, त्यामुळे तिन्हीकडचे लोक एका कॉलवर असले की वर्षातून दोनदा, एक ते तीन आठवडे, कुणीतरी एक तास आधी येऊन बसलेलं असतं. स्वयंपाकाचं वेळापत्रक नोव्हेंबर ते मार्च वेगळं असतं, हे सासूबाईंना आता पाठ झालंय.

आणि हो, वेळेच्या सेटिंगमध्ये पुण्याऐवजी कोलकाता दिसतं ते चूक नाही. जगभरच्या वेळांची यादी त्या त्या भागातल्या एका मोठ्या शहराच्या नावाने ठेवतात, मुंबईचा नंबर लागला नाही इतकंच. मुंबईची वेगळी वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि काही ठिकाणी ती १९५५ पर्यंत पाळली जात होती.

१८. भारतात एकच वेळ आहे, तरी ॲपमध्ये जन्मतारीख एक दिवस आधीची का दिसते? आणि फक्त आजीचीच का?

पहिला भाग नेहमीचा आहे. १५ ऑगस्ट ही तारीख कुणीतरी ‘१५ ऑगस्ट, मध्यरात्री १२’ अशी साठवली. ती जागतिक वेळेत बदलली की साडेपाच तास वजा होऊन १४ ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसहा होतात. परत दाखवताना साडेपाच तास मिळवायला विसरले की तुम्ही एक दिवस आधी जन्मलेले.

फक्त आजीची चुकत असेल तर तिचं साल बघा. १९४२ नंतरचं, दुसऱ्या महायुद्धातलं आहे का? त्या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती, साडेपाचऐवजी साडेसहा. एका सिस्टिमला हा इतिहास माहीत असतो; ती आजीच्या मध्यरात्रीतून साडेसहा तास वजा करते. दुसरी सिस्टिम सरसकट साडेपाच मिळवते. आजी आदल्या रात्री ११ वाजता जन्मते आणि तिची तारीख आधार कार्डाशी जुळत नाही.

तुम्ही ॲप वापरणारे असाल तर आजीची तारीख आधारसह स्क्रीनशॉट लावून तक्रार करा आणि ‘१९४३ चा जन्म आहे’ हे आवर्जून लिहा, म्हणजे समोरच्याला शोधायला सोपं जाईल. ॲप लिहिणारे असाल तर जन्मतारखेला वेळ चिकटवू नका. नुसती तारीख साठवायचा प्रकार बहुतेक डेटाबेसमध्ये आहे.